सोडून दिलेले अ‍ॅक्वेरियमचे मासे नदी-तलावात कसे शोधायचे, ओळखायचे आणि नोंदवायचे

उजनीच्या फुगवट्यात पहाटे कांडाळी (पाण्यात उभी लावलेली जाळी) ओढून होडी काठाला लागते, तेव्हा जाळ्यातली चिलापी पटापट सुटते. रोहू, कटलाही हातासरशी निघतात. मागे राहतो तो सकर. काळपट तपकिरी रंग, अंगभर हाडांच्या खरखरीत चकत्या आणि छातीच्या परांचे, म्हणजे पोहायच्या पंखांचे, काटे दोन्ही बाजूंना आडवे ताणलेले. धागा त्या काट्यांभोवती असा आवळतो की शेवटी सुरी काढून जाळंच कापावं लागतं. एवढं करून बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला. भारतात तो अ‍ॅक्वेरियमच्या धंद्यातून आला. दोन-तीन इंचांचा असताना 'काच साफ ठेवतो' म्हणून लोक घरी आणतात, हातभर वाढला की टाकीत मावत नाही, मग कुणीतरी दया म्हणून त्याला जवळच्या पाण्यात सोडून येतं.

असे मासे आपल्या पाण्यात कुठे आहेत, किती पसरले आहेत आणि कुठे अजून पोचलेले नाहीत, याच्या विश्वासार्ह नोंदी फार थोड्या आहेत. बातम्या येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतात, पण तारीख नाही, जागा नाही आणि पोटाची बाजू दिसत नाही, असा फोटो अभ्यासकाच्या कामाचा नसतो. उलट तलावाकाठी राहणाऱ्या, नदीवर फिरायला जाणाऱ्या कुणाही माणसाने नीट केलेली एक नोंद मोलाची ठरते. मासे पकडण्याचं कौशल्य यात दुय्यम आहे. पाहिलेलं नेमकं कसं लिहून ठेवायचं आणि एखादा भरकटलेला मासा कोणता, स्थिरावलेली वस्ती कोणती, हे कसं ओळखायचं, यावर सगळं काम उभं आहे.

परका कोण, आपला कोण

पाण्यात दिसणारा प्रत्येक अनोळखी मासा कुणाच्या टाकीतला नसतो. परके मासे आपल्याकडे निदान तीन वाटांनी आले आहेत आणि त्या वाटा डोक्यात वेगळ्या ठेवल्या नाहीत तर नोंदीचा अर्थच बदलतो.

पहिली वाट मत्स्यशेतीची. मोझांबिक तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, १९५२ साली भारतात आणली गेली. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, त्याआधीच, १९३९ मध्ये निलगिरीत आला. शेततळ्यांत आणि पिंजऱ्यांत वाढवला जाणारा रूपचंद म्हणजे दक्षिण अमेरिकेतला पाकू. पुरात तळं फुटलं की तो नदीत येतो. दुसरी वाट डासांच्या बंदोबस्ताची. गप्पी मासे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आणि गॅम्बुशिया १९२८ पासून आपल्याकडे सोडले जात आहेत. पालिकेचा हिवताप विभाग आजही डबक्यांत, कारंज्यांत गप्पी सोडतो. त्यामुळे गटारातली गप्पी दिसली की 'कुणीतरी टाकी रिकामी केली' असं लगेच लिहू नका.

तिसरी वाट अ‍ॅक्वेरियमची. सकर, फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, गोल्डफिश, कोई, गुरामी, अ‍ॅलिगेटर गार हे या वाटेने येणारे ठळक मासे. लाल कानाचं कासवही याच दुकानांतून तलावात पोचतं. माशांसाठी गेलात तरी ते दिसलं तर नोंदवा.

याच्या उलटही होतं. आपलेच काही देशी मासे इतके देखणे आहेत की बघणाऱ्याला ते टाकीतले वाटतात. गोवा आणि सिंधुदुर्गाच्या ओढ्यांतला पेथिया सेतनाई हा छोटा पट्टेरी मासा त्याचं उत्तम उदाहरण. तो तिथलाच आहे, त्याला परका समजून मारणं हा अनर्थ होईल. 'मिस केरला' नावाने विकला जाणारा लाल पट्ट्याचा मासा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा. तो पुण्याच्या मुठेत मिळाला तर मासा भारतीय असूनही जागा परकी ठरते आणि नोंद तितकीच महत्त्वाची असते.

जागा कशी निवडायची

माणूस मासा सोडायला लांब जात नाही. बादली किंवा प्लास्टिकची पिशवी घेऊन जिथे गाडी लावता येते, पायऱ्या आहेत आणि कुणी हटकत नाही, तिथे तो जातो. म्हणून शहरातले तलाव, नदीवरचे घाट, विसर्जनाची ठिकाणं, देवळाची कुंडं, बागेतली तळी आणि पाणी साचलेल्या जुन्या दगडखाणी यांपासून सुरुवात करा. निर्माल्य टाकायला येणारा माणूस आणि मासा सोडायला येणारा माणूस बहुधा एकाच पायरीवर उभा असतो. शोभेच्या माशांची पैदास करणारे जिथे आहेत, तिथल्या ओढ्यांकडे आणि सांडपाण्याच्या वाटांकडेही लक्ष द्या. मोठ्या पावसात हौद भरून वाहिले की पिल्लं थेट ओढ्यात जातात.

मग नकाशा काढा आणि पाणी पुढे कुठे जातं ते बघा. पुण्यात मुळा-मुठेत पडलेली गोष्ट तिथेच राहत नाही. ती नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमेचं पाणी उजनीत साठतं. वरच्या अंगाला शहर आणि खालच्या अंगाला मोठं, संथ, उबदार जलाशय अशी रचना जिथे असेल, तिथे जलाशयाच्या शेपटाकडची उथळ बाजू आधी तपासा.

प्रदूषित पाणी म्हणून एखादी जागा वगळू नका. उलट तीच आधी बघा. सकर हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे बाकीचे मासे गुदमरतात अशा काळ्या पाण्यातही तो तग धरतो. गप्पीचंही तसंच. नाला नदीला मिळतो त्या तोंडाशी या दोघांची गाठ हमखास पडण्याची शक्यता.

आधी माणसांशी बोला

पाण्यात उतरण्याआधी काठावर बसायला हवं. रोज जाळं टाकणाऱ्या माणसाला पाण्यातला बदल सगळ्यांत आधी कळतो, आणि त्याला विचारायला मात्र क्वचितच कुणी जातं. सकाळी होड्या परत येतात त्या वेळेला जा. मासे निवडून विकून होईपर्यंत मध्ये बोलू नका, तो त्यांच्या कमाईचा वेळ आहे. नंतर चहा घेताना विचारा.

प्रश्न विचारण्यातही मेख आहे. 'इथे सकर मिळतो का?' असं विचारलंत तर पाहुण्याचं मन राखायला 'हो' म्हणतील. त्यापेक्षा 'पूर्वी न मिळणारा कोणता मासा हल्ली जाळ्यात येतो?' असं विचारा आणि गप्प बसा. ते वर्णन करतील, हाताने लांबी दाखवतील. मग मोबाइलवर चार-पाच माशांचे फोटो दाखवा, त्यात एक-दोन देशी आणि एखादा तिथे सापडणं शक्यच नाही असा ठेवा. त्या अशक्य माशावरही बोट ठेवलं गेलं, तर बाकीच्या उत्तरांना जपून धरा.

पुढचे प्रश्न काळाचे. हा मासा पहिल्यांदा कधी दिसला? साल आठवत नसेल तर 'मोठ्या पुराच्या आधी की नंतर', 'मुलीच्या लग्नाच्या वर्षी' अशा खुणांनी काढा. लहान पिल्लं जाळ्यात येतात का? पोट फाडल्यावर गाबोळी दिसते का? या दोन प्रश्नांची उत्तरं पुढे फार कामाला येतात.

गळ टाकणारे हौशी लोक, माशांची विक्री करणाऱ्या बायका, तलावाचा रखवालदार यांनाही विचारा. विक्रेत्या बायका तर टोपल्यातून बाजूला फेकलेल्या माशाचीही आठवण ठेवतात.

कोणत्या ऋतूत जायचं

एप्रिल-मे हा सगळ्यांत चांगला काळ. पाणी आटतं, नदीचे डोह सुटे होतात, मासे एका जागी गोळा होतात आणि एरवी पाण्याखाली असलेले काठ उघडे पडतात. सकरचे नर मातीच्या काठात आडवी बिळं खणतात आणि त्यात अंड्यांची राखण करतात. बिळं हातभर ते दीड मीटरपर्यंत आत जातात आणि पुष्कळदा एकमेकांजवळ घोळक्याने असतात. पाणी उतरलं की काठ चाळणीसारखा दिसतो. खेकड्याचं बीळ यापेक्षा लहान असतं आणि तोंडाशी मातीच्या गोळ्या पडलेल्या दिसतात. खंड्या आणि वेडा राघू यांची घरटी उभ्या दरडीत पाण्याच्या रेषेच्या बरीच वर असतात. बिळांचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, पण हात आत घालू नका. रिकाम्या बिळात साप असू शकतो.

हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी, पाणी नितळ असतं आणि काठावरून पाहायला सोपं जातं. पावसाळ्यात पाहणी करू नका. एक अपवाद आहे. पूर ओसरल्यावर शेतात आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यांत अडकलेले मासे जरूर बघा, कारण नवे मासे कुठवर पसरले ते तिथे कळतं.

परवानगी आणि जिवाची काळजी

बहुतेक धरणांत आणि तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांच्या पाण्यात जाळं किंवा गळ टाकायचा तर संस्थेच्या अध्यक्षांना भेटून सांगा. हेतू समजला की बहुतेक वेळा तेच सोबत माणूस देतात. धरणाची भिंत आणि दरवाजांचा परिसर प्रतिबंधित असतो, तिथे कॅमेरा काढू नका. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीत, उदाहरणार्थ नांदूर मध्यमेश्वरला किंवा जायकवाडीला, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही मासा पकडायचा नाही. काठावरून पाहून फोटो काढण्यापुरतंच थांबा.

पवई तलावात मगरी आहेत. सांगलीकडे कृष्णेतही आहेत. अशा पाण्यात गुडघाभरही उतरू नका आणि संध्याकाळी काठाशी बसू नका. धरणाखालच्या नदीत विसर्ग वाढण्याआधी भोंगा वाजतो, पण दरवेळी तो ऐकू येईलच असं नाही, म्हणून पाटबंधारे खात्याकडे आधी चौकशी करा. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात गमबूट आणि रबरी हातमोजे घालाच. पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाणी नको, लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. एकटे जाऊ नका.

प्रत्यक्ष पाहणी

सुरुवात डोळ्यांनी. सूर्य पाठीशी ठेवून, पोलराइज्ड गॉगल लावून काठाने अगदी सावकाश चाला आणि मध्येमध्ये काही मिनिटं थांबून राहा. तुमच्या पावलांनी पळालेले मासे तेवढ्यात परत येतात. पृष्ठभागाशी लहान माशांचा थवा दिसला तर वरून डोक्याकडे बघा. डोक्याच्या मध्यावर चांदीसारखा चमकणारा ठिपका असेल तर तो आपला देशी पिकू. तोही डासांच्या अळ्या खातो आणि गप्पीच्या आधीपासून इथला आहे. ठिपका नसेल, शेपूट गोलसर असेल आणि काही मासे अगदी लहान रंगीत, काही मोठे फिके असतील, तर गप्पीचा संशय घ्या. छोटे रंगीत ते नर. त्यांचा पोटाखालचा पर काडीसारखा लांबट झालेला असतो.

छोट्या माशांसाठी बाटलीचा सापळा पुरतो. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली खांद्याशी कापा आणि निमुळता भाग उलटा करून आत बसवा. कडेला दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने बांधा, थोडी भिजवलेली कणीक आत टाका आणि उथळ पाण्यात तोंड प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवून आडवी लावा. अर्ध्या-पाऊण तासाने काढा. जास्त वेळ ठेवलीत तर आतले देशी मासे गुदमरतात. आणि सापळा विसरून येऊ नका, तो महिनोनमहिने मासे मारत राहतो.

मोठ्या माशांसाठी स्वतः जाळं टाकण्यापेक्षा मच्छीमारांची पकड बघणं कितीतरी फलदायी. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकायला वर्षांची सवय लागते आणि कांडाळी रात्रभर लावायला होडी लागते. ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांच्यासोबत बसा आणि टाकून दिलेला ढीग आधी चाळा. बाजारात न चालणारे मासे तिथेच असतात. काठावर सुकून पडलेले सकरचे सांगाडेही पुरावाच आहेत, चकत्यांचं कवच बरेच दिवस टिकतं.

रात्री जायची सोय असेल तर घाटाच्या पायऱ्यांवर जोरदार टॉर्च मारा. सकर अंधारात बाहेर येऊन दगडांवरचं शेवाळ खरवडतो. दिवसाउजेडी त्याच दगडांवर खरवडल्याच्या फिक्या खुणा दिसतात.

विजेचा झटका, ब्लिचिंग पावडर किंवा स्फोटकं वापरून मासे काढणाऱ्या कुणाच्याही सोबत जाऊ नका, मासे आयते मिळाले तरी.

ओळख पटवणं

इथे घाई करू नका. वर्तमानपत्रांत 'पिरान्हा सापडला' म्हणून छापून येणारा मासा बहुतेकदा रूपचंद असतो. तोंड उघडून दात बघितले की वाद मिटतो. पिरान्हाचे दात त्रिकोणी, धारदार, एका ओळीत आणि खालचा जबडा पुढे आलेला. रूपचंदाचे दात चौकोनी, दाढांसारखे, माणसाच्या दातांची आठवण करून देणारे.

सकरची ओळख सोपी आहे, कारण अंगभर हाडांच्या चकत्या आणि खाली चिकटणारं तोंड असा एकही देशी मासा भारतात नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडाला चिकटणारे आपले मासे आहेत, पण ग्लिप्टोथोरॅक्सची कातडी मऊ असते, त्याला मिशांच्या चार जोड्या असतात आणि तो छातीने चिकटतो. गारा जातीच्या माशांना साधे खवले असतात. सकर हातात आला की तीन गोष्टी बघा. पाठीवरचा पर उभा करून त्यातले किरण मोजा, टेरिगोप्लिक्थिसमध्ये (सकरच्या प्रजातीचं हे शास्त्रीय नाव) ते सहसा दहा किंवा जास्त असतात. मग मासा उलटा करून पोटावरची नक्षी बघा. सुटे ठिपके असतील तर पार्डॅलिस या जातीकडे झुकतो, ठिपके एकमेकांत मिसळून गांडुळांसारख्या वळणदार रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हसकडे. तिसरं म्हणजे या दोन टोकांच्या मधली नक्षी. ती सर्रास दिसते, कारण या जातींचा संकर होतो. तशी नक्षी असेल तर जातीचं नाव ठोकून देऊ नका, 'टेरिगोप्लिक्थिस' एवढंच लिहा. अर्धवट पण खरी ओळख चुकीच्या पूर्ण नावापेक्षा उपयोगी पडते.

सिक्लिड कुळातल्या माशांसाठी (चिलापी, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न याच कुळातले) एक गोष्ट मनात पक्की करा. भारतात या कुळाच्या तीनच देशी जाती आहेत आणि त्या किनारपट्टीच्या, खाडीच्या आणि दक्षिणेकडच्या पाण्यातल्या. गोवा-सिंधुदुर्गातला कालुंदर त्यांपैकी एक. देशावर, म्हणजे भीमा, कृष्णा, गोदावरीच्या पात्रात मिळालेला कोणताही सिक्लिड परकाच. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या माशांचं जे वर्णन केलं, त्या काळात इथे यांच्यातलं कुणी नव्हतं. आता प्रश्न उरतो, ही चिलापी की टाकीतला एखादा? पोटाखाली गुदद्वारामागे जो पर असतो, त्याच्या पुढच्या टोकाचे कडक काटे नखाने मोजा. चिलापीला तीन असतात. त्याहून बरेच जास्त असले तर मध्य अमेरिकेतल्या एखाद्या सिक्लिडचा किंवा त्यांच्यापासून तयार केलेल्या फ्लॉवरहॉर्नचा विचार करा. फ्लॉवरहॉर्नच्या मोठ्या नराला कपाळावर टेंगूळ असतं, पण लहान माशात ते नसतं, म्हणून काटे मोजणं भरवशाचं. ऑस्करचे काटेही तीनच. त्याला ओळखायचं ते शेपटीच्या मुळाशी असलेल्या नारिंगी कडीच्या काळ्या डोळ्यासारख्या ठिपक्यावरून.

गोल्डफिश आणि कोई यांत गोंधळ होतो. कोई म्हणजे रंगीत सायप्रिनस, त्याच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. गोल्डफिशला मिशा नसतात. उघड्या पाण्यात जन्मलेल्या पिढ्यांत सोनेरी रंग हळूहळू कमी होऊन मासे शेवाळी-तपकिरी दिसू लागतात, म्हणून रंगावर विसंबू नका, तोंड बघा. धाग्यासारखे लांब पोटपर असले तर गुरामी.

अ‍ॅलिगेटर गार २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात मिळाला. मगरीसारखा रुंद जबडा, हिऱ्याच्या आकाराचे टणक खवले, पाठीचा पर अगदी शेपटीजवळ. आपल्या नद्यांतला लांब चोचीचा देशी मासाही साधारण असाच दिसतो, पण तो बोटाएवढा सडपातळ आणि मऊ खवल्यांचा असतो. गारची गाबोळी विषारी आहे, कुणाला खाऊ देऊ नका.

फोटो आणि टिपण

मासा ओल्या फडक्यावर किंवा पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवा. डोकं डावीकडे करून पूर्ण बाजूचा फोटो, मग पोटाचा, तोंडाचा खालून आणि पाठीचा पर उघडून धरलेला. प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी, नसेल तर नाणं. हातात उंच धरून काढलेल्या फोटोत आकाराचा अंदाज लागत नाही. सकरला धरताना जाड हातमोजे घाला, छातीच्या काट्यांनी तळहात सोलवटतो.

टिपणात तारीख, वेळ, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, पाण्याचं नाव, गाव, तालुका, मासा कसा मिळाला, लांबी, सोबत मिळालेले इतर मासे आणि कोणी ओळखला हे लिहा. सोबतच्या माशांची यादी लोक गाळतात आणि तिथेच नुकसान होतं. त्याच जाळ्यात शिवडा, मरळ, वाम किती आहेत हे आज लिहून ठेवलं तरच पाच वर्षांनी तुलना करता येईल. मच्छीमाराने सांगितलेलं आणि तुम्ही स्वतः पाहिलेलं, हे वेगळ्या रकान्यांत ठेवा.

शोधूनही काही मिळालं नाही तर तेही लिहा. किती वेळ, कोणत्या पद्धतीने शोधलं आणि काय मिळालं नाही, ही नोंदसुद्धा तितकीच लागते. मासा तिथे कधी पोचला हे नंतर तिच्यावरूनच ठरतं.

हातात आलेल्या माशाचं काय करायचं

परका मासा परत पाण्यात सोडू नका आणि जिवंत घरीही नेऊ नका. तो वाटेत निसटला तर नवी जागा आपणच त्याला मिळवून दिली असं होतं. काठावर फेकून देणंही योग्य नाही. सकर ओल्या जागी कित्येक तास जगतो, तडफडत राहतो आणि संधी मिळाली तर परत पाण्यात जातो.

ओळखीची पूर्ण खात्री असेल तरच पुढची पायरी. लवंगेचं तेल थोड्या कोमट पाण्यात घालून बाटलीत जोरात हलवा आणि ते पांढुरकं पाणी बादलीतल्या पाण्यात मिसळा. लिटरमागे तेलाचे आठ-दहा थेंब धरा. मासा बेशुद्ध होतो, मग कल्ल्यांची हालचाल थांबते. थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्या, सकरला त्याहून जास्त वेळ द्या. नंतर बर्फात ठेवा. संस्थेला नमुना हवा असेल तर माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलच्या छोट्या कुपीत घाला, डीएनए तपासायला तो पुरतो. बादलीतलं तेलकट पाणी नदीत ओतू नका. खात्री नसेल तर फोटो काढून मासा जिथे मिळाला तिथेच सोडा. अनोळखी मासा देशी आणि दुर्मिळ निघण्याची शक्यता नेहमी असते.

एकटा मासा की वस्ती

एक मोठा ऑस्कर मिळाला, तर कुणीतरी गेल्या आठवड्यात टाकी रिकामी केली एवढंच त्यातून कळतं. तो तिथे रुजला आहे असं म्हणायला वेगळे पुरावे लागतात. वेगवेगळ्या लांबीचे मासे एकाच पाण्यात मिळणं, बोटाएवढी पिल्लं दिसणं, मादीच्या पोटात पिकलेली गाबोळी असणं, काठात ताजी बिळं असणं आणि हे सगळं पुढच्या उन्हाळ्यातही पुन्हा दिसणं. दुकानात दोन-तीन इंचांचे सकर विकले जातात, त्यामुळे त्या लांबीचा एखाददुसरा मासा सोडलेलाही असू शकतो. त्याहून बारीक पिल्लं थव्याने मिळाली तर मात्र पैदास तिथेच होते आहे.

हा फरक करण्यावर पुढची कारवाई अवलंबून असते. छोट्या तलावातले चार-सहा मासे काढून टाकता येतात. मोठ्या जलाशयात वस्ती झाली की ते जवळपास अशक्य होतं. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निल्यो धरणात सकर इतके वाढले की तिलापियाची चांगली चालणारी मासेमारी कोलमडली. उजनीवर पोट असलेल्या कुटुंबांसाठी म्हणूनच लवकर कळणं फार महत्त्वाचं आहे. मासा हाती न लागताही त्याचा माग काढता येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या नमुन्यातल्या डीएनएवरून सकर ओळखण्याची पद्धत बसवली आहे. तरी कुठलं पाणी तपासायचं हे ठरवायला काठावरच्या नोंदी लागतातच.

नोंद कुठे द्यायची

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर नोंद फोटोसह टाका, म्हणजे जाणकार ओळख तपासतात आणि नोंद कायम राहते. सोबत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात, सहायक आयुक्तांच्या नावे, फोटो जोडून साधं पत्र द्या आणि पोच घ्या. ओळखीबद्दल शंका असेल तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते, तिच्यातही हा मासा लिहून घ्यायला सांगा. ग्रामसभेपुढे विषय न्यायला त्याचा आधार होतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात आक्रमक परक्या जातींचं नियमन करण्याची तरतूद आली आहे, पत्रात तिचा उल्लेख करा.

परक्या माशाची जागा नेमकी द्या. पण त्याच पाहणीत एखादा दुर्मिळ, शोभिवंत देशी मासा दिसला असेल तर त्याची जागा जाहीर पोर्टलवर लपवून ठेवा. टाक्यांसाठी मासे पकडणारे लोकही त्या नोंदी वाचतात.

मच्छीमारांना निकाल कळवायला विसरू नका. मासा कोणता निघाला, खाण्याजोगा आहे का, कुठे कळवलं, हे त्यांना परत जाऊन सांगितलं की पुढचा अनोळखी मासा जाळ्यात आला त्याच दिवशी फोन येतो. त्यांच्या होडीच्या डब्यात एक मोजपट्टी आणि तुमचा नंबर लिहिलेला कागद ठेवून या, आणि टाकून दिलेले मासे ढिगात न फेकता वेगळ्या टोपलीत ठेवायला सांगा.